‘एलडी सर्टिफिकेट आम्ही काढून देतो’

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता. तिच्या सर्टिफिकेटवर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. नववीत मार्क घसरले की पालक आधीच धास्तावलेले असतात. नेमका तेव्हा कुणीतरी नंबर देतो: ‘चाचणी, रिपोर्ट, सर्टिफिकेट, बोर्डाची मंजुरी, सगळं एका पॅकेजमध्ये. निम्मे पैसे आगाऊ.’

अशा एका प्रकरणातला रिपोर्ट पाहिला. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. मुलगी दहावीची, पण तिसऱ्या पानावर दोनदा ‘तो’, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर नाव बदललेलं. बुद्ध्यांकाचा एकच आकडा, उपचाचण्यांचे गुण नाहीत. सगळ्या चाचण्या एकाच दुपारी. सगळ्यात वाईट म्हणजे मुलगी मराठी माध्यमाची आणि वाचनाची चाचणी इंग्रजीत! अशी चाचणी घेतली तर अर्धा वर्ग डिस्लेक्सिक, म्हणजे वाचनाची अक्षमता असलेला ठरेल.

खरी तपासणी आधी डोळे आणि कान तपासून सुरू होते. मग बुद्ध्यांक, त्यानंतर वाचन, लेखन, गणित, तेही मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेत. याला एकाहून जास्त बैठका लागतात. खासगी रिपोर्ट शिकवण्याची दिशा ठरवायला कामाचा असतो, पण बोर्डाच्या सवलतीसाठी प्रमाणपत्र अधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचंच लागतं. प्रस्तावही शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे ‘मंजुरी’ कुठलाही एजंट विकू शकत नाही. २०१८च्या केंद्रीय नियमावलीत आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्र, पुन्हा १४ आणि १८व्या वर्षी तपासणी असं सांगितलं होतं. तिसरीतला जुना कागद दहावीला पुढे केला की अडचण येते, आणि एजंटांना गिऱ्हाईक मिळतं ते इथेच.

पॅकेजसोबत ‘तीन महिन्यांत डिस्लेक्सिया बरा’ असा कोर्सही गळ्यात मारतात. त्यातलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणं हा निव्वळ हातचलाखीचा खेळ आहे. नाकाजवळच्या फटीतून दिसतं. उपचारात्मक शिक्षण संथच असतं आणि बरीच वर्षं चालतं.

पैसे देण्याआधी चाचणी घेणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

आधीच फसला असाल तर पैशांच्या मागे लागण्यापूर्वी रुग्णालयाची तारीख घ्या. तिथली रांग मोठी असते आणि बोर्डाची मुदत थांबत नाही. पोलिसांत तक्रार नंतरही करता येते. तोवर मूळ रिपोर्ट, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा.