बाभळीची मोगरी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

रविवार, १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी आईच्या पाटाला नवे पाय बसवण्यासाठी मी खाच पाडत असताना हातातल्या मोगरीने, म्हणजे सुताराच्या लाकडी हातोड्याने, प्रथमच ‘खुट’ असा आवाज केला. पटाशीवर (लाकूड कोरायच्या छिन्नीवर) पडणारा घाव तसाच भरदार होता, परंतु प्रत्येक घावानंतर डोके दांड्यावर किंचित हलत होते आणि ते हलणे तळहाताला जाणवत होते. ज्या मोगरीचे मी गेले आठ-नऊ महिने येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ कौतुक केले, तिच्याविषयी त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत माझे मत पूर्ण फिरले होते. त्यानंतर ते पुन्हा फिरले, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मोगरी मी स्वतः केली आहे. मुलुंडच्या आमच्या जुन्या इमारतीतील चार फूट रुंदीची बंद केलेली गॅलरी हाच माझा कारखाना. डोके सहा इंच लांब, साडेतीन इंच उंच आणि अडीच इंच जाड असून दांडा एक फुटाहून थोडा लांब आहे. दोन्ही बाभळीचे आहेत. दांडा वरून खाली घालायचा, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता, अशी ही नेहमीची सुतारी रचना आहे. घाव घालताना डोके बाहेरच्या दिशेने, म्हणजे दांड्याच्या रुंद टोकाकडे ओढले जाते आणि आपोआप घट्ट होते. डोक्यातले आरपार भोक वरच्या बाजूला दीड इंच आणि खालच्या बाजूला सव्वा इंच लांब आहे. ही मापे लक्षात ठेवावीत, कारण पुढचे सगळे रामायण त्या पाव इंचाचे आहे.

लाकडाबद्दल आधी लिहितो, कारण तो राग अजून शमलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रे रोडच्या बाजूच्या एका वखारीतून मी हा ठोकळा आणि दांड्यासाठी एक फळीचा तुकडा मिळून २२० रुपयांना आणला. ‘दोन वर्षे सुकलेला माल आहे,’ असे मालकाने छातीठोकपणे सांगितले. ठोकळा कापडी पिशवीत घालून हार्बरने कुर्ल्यापर्यंत आणि तिथून गाडी बदलून मुलुंडला येईपर्यंत खांदा भरून आला, तेव्हाच शंका यायला हवी होती. घरी आल्यावर कणकेसाठी आणलेल्या वजनकाट्यावर ठेवला, तर ९४० ग्रॅम भरला. पुढच्या रविवारी ९२५. त्याच्या पुढच्या रविवारी ९१०. सुकलेला माल दर आठवड्याला पंधरा ग्रॅमने हलका होत नसतो. वखारीत परत जाऊन मी हे आकडे दाखवले, तेव्हा ‘साहेब, लाकूड आहे, सोने नव्हे’ असे उत्तर मिळाले. त्यावर माझ्याजवळ प्रत्युत्तर नव्हते, आणि २२० रुपयांसाठी तिसरी फेरी मारण्याइतका वेळही नव्हता.

मग ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना वितळलेल्या मेणबत्तीचा जाड लेप दिला. लाकडातील पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने उडून जाते, त्यामुळे टोके आधी आकसतात, आतला भाग फुगलेलाच राहतो आणि चिरा पडतात. लेप दिलेला ठोकळा फ्रिजच्या मागे उभा करून ठेवला. एप्रिलच्या मध्यापर्यंत वजन ८२० ग्रॅमवर आले आणि लागोपाठ तीन रविवार तिथेच थांबले, तेव्हा कामाला हात घातला. घरातल्या वजनकाट्याचा इतका उपयोग कणकेसाठी कधी झाला नाही, असे पत्नीचे मत आहे.

बाभूळच का, असा प्रश्न काही जण विचारतात. साग हाताशी होता, जुन्या चौकटीचे दोन तुकडे माळ्यावर पडले होते, आणि हवेबरोबर फुगण्या-आकसण्याच्या बाबतीत साग बाभळीपेक्षा निश्चित शांत आहे. परंतु घाव सोसण्याचे काम सागाचे नव्हे. बैलगाडीची चाके आणि अवजारांचे दांडे बाभळीचे करण्याची आपल्याकडची रीत उगाच पडलेली नाही. दहा महिन्यांत तोंडावर, म्हणजे घाव घालणाऱ्या बाजूवर, ना चीर पडली, ना कपची उडाली. याचे थोडे श्रेय सगळ्या कडा दोन-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तिरक्या मारून घेण्याला आहे, कारण तीक्ष्ण ठेवलेली कड पहिल्याच आठवड्यात सुटते.

घडवण्याचे वर्णन लांबवत नाही. भोक ड्रिलने दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडून मग पटाशीने चौकोनी केले. त्या वेळी मोगरी नसल्याने प्लॅस्टिकच्या मुठीच्या पटाशीवर लोखंडी हातोडी चालवावी लागली आणि खालच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली. दोन्ही तोंडांचा उतार मात्र मन लावून काढला. कोपर टेबलावर टेकवून हाताच्या रेषेत मोगरी धरली, कोपरापासून तोंडापर्यंत दोरी ताणली आणि त्या रेषेत दोन-तीन अंशांची कापणी केली. एवढ्यामुळे घाव पटाशीच्या मुठीवर सपाट बसतो आणि मनगट वळवावे लागत नाही. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते उलगडून वाळत घालावे. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेटू शकते. गॅलरीत गॅसचा सिलिंडर असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पहिले काही महिने निर्भेळ सुखाचे गेले. लोखंडी हातोडीचा ‘ठण्’ जाऊन ‘धप्प’ असा दबका आवाज आला, आणि दुपारी दोन ते चार ही शांततेची वेळ सोडली तर तक्रारी थांबल्या. लाकडी मुठीच्या जुन्या पटाश्याही मी निर्धास्तपणे वापरू लागलो, कारण लोखंडाच्या घावाने त्यांची टोके फुलासारखी पसरतात, तसे आता होत नव्हते. पावसाळ्यात जोड इतका घट्ट झाला की डोके आणि दांडा एकाच ठोकळ्यातून कोरून काढल्यासारखे वाटावे. ऑगस्टमध्ये तोंडावर बुरशीची पांढरी जाळी आली, ती कोरड्या फडक्याने पुसली. सप्टेंबरमध्ये एका कोपऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढी तीन भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला. दोष माझ्या काटकसरीचा होता. दोन सूत माप वाचवण्यासाठी सालीलगतच्या पांढरट लाकडाची एक पट्टी मी ठेवली होती, आणि किड्याला तेच स्टार्चचे लाकूड हवे असते. आतल्या तांबूस गाभ्याला त्याने स्पर्शही केला नाही. कोपरा कापून टाकला आणि प्रकरण मिटले.

म्हणूनच जानेवारीतला तो ‘खुट’ जिव्हारी लागला. माझा पहिला निष्कर्ष असा होता की निमुळत्या दांड्याची ही सारी रचनाच फसवी असून डोके आपोआप घट्ट होते हे केवळ सांगायला बरे आहे. दुसरा निष्कर्ष अर्थातच वखारवाल्याविरुद्ध होता. त्या संतापात मी तो जुना उपाय केला, जो कोणीही सांगतो : मोगरी रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवली. सकाळी जोड पावसाळ्यासारखा घट्ट होता. चौथ्या दिवशी तो आधीपेक्षाही ढिला झाला.

यामागचे कारण समजून घेण्यात माझे दोन रविवार गेले. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असली की लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १८ टक्के पाणी धरते. आर्द्रता ५५ टक्क्यांवर आली की हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास येते. मुंबईतला जुलै आणि जानेवारीतली कोरडी दुपार यांत साधारण एवढे अंतर असते. लाकूड तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ बदलत नाही. आता मोगरीकडे पाहावे. भोकाची लांब बाजू डोक्याच्या रेषांच्या दिशेने आहे, म्हणून ती पावसाळ्यातही तेवढीच राहते. त्या भोकात उभ्या असलेल्या दांड्याची रुंदी मात्र रेषांना आडवी आहे, म्हणून ती फुगते. फुगायला जागा नसल्याने दांड्याचे तंतू आतल्या आत दबले जातात, आणि दबलेले तंतू हिवाळ्यात आकसतात ते मूळ मापाच्याही खाली. बादलीत भिजवून मी तेच दबणे एका रात्रीत पुन्हा घडवून आणले होते.

तरीसुद्धा एक प्रश्न उरत होता. दांडा आकसला तर तो निमुळत्या भोकात थोडा खाली सरकून पुन्हा घट्ट बसायला हवा. रचनेचा हेतूच तो आहे. मग तो सरकत का नाही?

उत्तर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होते. मालवणकडचे एक वृद्ध सुतार तिथे मुलाकडे असतात. त्यांना मोगरी दाखवली. त्यांनी डोके हलवून पाहिले नाही, तोंडे पाहिली नाहीत, बाजूच्या एका ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “ही मेख कित्याक? काढून टाक.”

ती मेख मीच मारली होती. एप्रिलमध्ये, सगळे काम झाल्यावर, डोके कधी निसटून पायावर पडेल या भीतीने मी डोक्याच्या बाजूने दांड्यातून आरपार दोन सुतांची बांबूची मेख ठोकली होती आणि वर तेल लावून ती इतकी सफाईने लपवली होती की मला तिचा अभिमान होता. दांड्याला खाली सरकण्याची वाट मी स्वतःच बंद केली होती. मेख काढायला पाच मिनिटे लागली. मग मोगरी उलटी धरून दांड्याचे वर आलेले टोक बाकावर तीनदा आपटले. दांडा थांबतो, डोके मात्र आपल्या वजनाने त्याच्या रुंद टोकाकडे सरकते. एप्रिलमध्ये दांडा डोक्याच्या वर बरोबर एक इंच, म्हणजे आठ सूत, उरला होता. आपटल्यानंतर साडेपाच सूत उरला. भोकाचा उतार चौदास एक (साडेतीन इंचांत पाव इंच) असल्याने दांडा रुंदीत सुताच्या पाचव्या भागाएवढा आकसला तरी सुमारे अडीच-पावणेतीन सूत खाली उतरतो, हा हिशेबही जुळला. खुटखुट त्या क्षणी थांबली आणि अजून परत आलेली नाही.

त्यामुळे रचनेविरुद्धचा माझा निष्कर्ष मी मागे घेतो. वखारवाल्याविरुद्धचा मागे घेत नाही. दांडा पातळ असल्यामुळे तो नीट सुकला होता आणि ढिलाईत ओल्या ठोकळ्याचा हात नव्हता हे मला मान्य आहे, पण ‘दोन वर्षे सुकलेला’ हे शब्द खोटेच होते.

खर्चाचे विचाराल तर लाकूड २२०, तेल ९०, पॉलिश पेपर ४०, असे ३५० रुपये झाले. लोकलचे तिकीट धरलेले नाही. नागदेवी स्ट्रीटवर तयार मोगरी मला ४२० रुपयांना सांगितली होती, म्हणजे सत्तर रुपये वाचले. एकोणीस तासांची मजुरी हिशेबात घ्यावी, असा आग्रह घरातून होतो. ती मी घेत नाही.

दांड्यावर आता पेन्सिलीच्या तीन बारीक रेघा आहेत : एप्रिल, जानेवारी आणि फेब्रुवारी. मेखेचे भोक बुजवलेले नाही. काल संध्याकाळी मोजले तेव्हा दांडा वर पाच सूत उरला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, तो खालून ठोकून दोन सूत वर घेईन, म्हणजे फुगायला त्याला थोडी जागा राहील.