राजापूर मतदारसंघाची कात्रणं आणि कुडाळचे बाइंडर

बाबांनी १९५७ पासून राजापूर लोकसभा मतदारसंघाची कात्रणं जमवली होती. जुन्या वह्यांच्या पानांवर चिकटवलेली, बाजूला शाईने निशाणीची नोंद: बैलजोडी, झोपडी, गाय-वासरू, नांगरधारी शेतकरी, चक्र, धनुष्यबाण. त्यांच्या हातचं शेवटचं कात्रण २००९चं, पुढची मी लावली. दोन पावसाळ्यांत कागदाला कसर लागली, तेव्हा कुडाळात बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या बाइंडरकाकांकडे गठ्ठा नेला. शाळेची हजेरीपत्रकं आणि भजनी मंडळाच्या पोथ्या बांधणारं छोटंसं दुकान. काम मन लावून झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

काकांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "एकच खंड केलात तर पाठ फुटतली, बाईनू. खंय तोडूचा सांगा." त्यांनी स्वतः गठ्ठा मधोमध धरून बोट ठेवलं ते १९८९च्या पानावर. दोन्ही खंड सारखे जाड झाले असते, शेल्फवर छान दिसले असते. पण १९८९ला तिथे काहीच तुटलेलं नाही. मधू दंडवते १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच वेळा राजापुरातून निवडून आले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ८४ची ती सहानुभूतीची लाट सगळ्या देशावरून गेली, ती इथे त्यांना हलवू शकली नाही. त्या माणसाची कारकीर्द दोन पुठ्ठ्यांत कापायची हे मला पटेना. मी म्हटलं, २००४च्या निकालानंतर तोडा. कारण राजापूर मतदारसंघ खरोखर संपला तो २००८च्या पुनर्रचनेत. वेंगुर्ला आणि मालवण विधानसभा गेल्या, कुडाळ नवी आली आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला.

पहिला खंड त्यामुळे चांगलाच जाडजूड झाला. काकांनी तो पिना न मारता फरे, म्हणजे पानांच्या जुड्या, करून दोऱ्याने शिवला, पाठीला कापडी पट्टी लावली. उघडला की सपाट पडतो, मधली अक्षरं शिवणीत जात नाहीत. खळीत मोरचूद घातलंय, कसर धरणार नाही.

खरं कौशल्य दिसलं ते १९७१च्या पानाला. बॅ. नाथ पै १९५७, ६२ आणि ६७ असे तीनदा इथून लोकसभेत गेले. वेंगुर्ल्यात जन्मलेला, आमच्याच मातीतला माणूस. १८ जानेवारी १९७१ला बेळगावात ते गेले. लोकसभा डिसेंबरातच विसर्जित झालेली, निवडणूक तोंडावर. त्यांच्या जाण्याची बातमी आणि मार्चमधला दंडवत्यांचा विजय ही दोन कात्रणं बाबांनी एकाच पानाच्या दोन बाजूंना लावली होती आणि ते पान पुढच्या पानाला घट्ट चिकटलं होतं. मी ते फाडायच्या बेतात होते. काकांनी वरून ओलसर मलमल ठेवली, चहा पिऊन होईस्तोवर थांबले, मग बांबूची पातळ कामटी घालून कडेने हळूहळू सोडवत आणलं. एका कोपऱ्यातली तीन-चार अक्षरं गेली, बाकी सगळं वाचता येतं. "प्रा. दंडवते, झोपडी" ही बाबांची ओळसुद्धा. बाबांनी त्या निवडणुकीत पायी प्रचार केला होता, मला ती ओळ फार मोलाची.

आता तक्रारी. कडा कापताना १९९१च्या पानाचा समास जास्त गेला. त्या वर्षी काँग्रेसचे सुधीर सावंत आले आणि दंडवते हरले. बाबांनी बाजूला काहीतरी लिहिलं होतं, त्यातलं आता "...रेल्वे आणली तरी" एवढंच उरलंय. मला ते मनाला लागलं. काकांनी कापायच्या आधी विचारायला हवं होतं. रेल्वेमंत्री म्हणून आणि नंतर अर्थमंत्री म्हणून दंडवत्यांनी कोकण रेल्वेसाठी जीव टाकला, आणि २६ जानेवारी १९९८ला अख्खा मार्ग सुरू झाला त्याच्या आधीची १९९६ची निवडणूक इथून जिंकली होती शिवसेनेच्या सुरेश प्रभूंनी. तेही पुढे रेल्वेमंत्री झाले, पण राज्यसभेतून.

दुसरी चूक पाठीवरच्या सोनेरी अक्षरांची. त्यांनी छापलं "राजापूर १" आणि "राजापूर २". मी खंड तिथल्या तिथे परत दिले. राजापूर २ असं काही नाही, काका! दुसऱ्या खंडात २००९ला नीलेश राणे प्रभूंना ४६,७५० मतांनी हरवतात, २०१४ आणि २०१९ला विनायक राऊत दीड लाखाच्या वर फरकाने जिंकतात, २०२४ला नारायण राणे कमळावर ४७,८५८ मतांनी येतात आणि समोर राऊतांची निशाणी मशाल. मतदार वेगळे, हद्द वेगळी. काकांनी वाद न घालता दोन्ही पट्ट्या बदलून दिल्या, वर पैसे घेतले नाहीत. आता एकावर "राजापूर १९५७–२००४" आणि दुसऱ्यावर "रत्नागिरी-सिंधुदुर्ग २००९–" असं आहे. पुढची जागा मोकळी ठेवा हे मी सांगितलं, पण दुसऱ्या खंडात मागे चाळीस कोरी पानं शिवायची कल्पना त्यांची. पातळ खंड पुठ्ठ्यात सैल राहतो म्हणून, असं कारण दिलं.

दोन्हींचे मिळून ९५० रुपये झाले, रेक्झिनऐवजी कापडी पुठ्ठा घेतल्यामुळे. आठ दिवस सांगून वीस लावले. समासात हाताने लिहिलेलं काही असेल तर कडा कापू नका असं पावतीवरच लिहून घ्या. आणि जूनच्या आत न्या, पावसात खळ सुकत नाही म्हणून ते जुने कागद दसऱ्यापर्यंत घेत नाहीत.