मोबाईलची मॅक्रो लेन्स आणि काचेवरचे पांढरे ठिपके

रीफ टँकच्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, बाजूच्या काचेवर बारीक पांढरे ठिपके दिसले आणि माझ्या पोटात गोळाच आला. व्हर्मेटिड गोगलगायी असणार, असं वाटलं. त्या चिकट जाळं सोडतात आणि ते कोरलवर पसरलं की पॉलिप, म्हणजे कोरलचे फुलासारखे बारीक जीव, मिटून बसतात. स्क्रेपर हातात घेतलाही होता, पण आधी मोबाईलला क्लिपने लावायची, जवळचं मोठं दाखवणारी मॅक्रो लेन्स लावून पाहिलं.

फार बरं केलं. ठिपका म्हणजे चुन्याची वेटोळी नळी निघाली, जेमतेम दोन मिलिमीटरची, काचेला सपाट चिकटलेली. श्वास रोखून बघत राहिले. तोंडातून हळूच नारिंगी पिसांचा तुरा उमलला. माझ्या हाताची सावली पडली मात्र, तुरा झटकन आत आणि नळीला बूच! हे बूचही त्या तुऱ्यातलाच एक बदललेला तंतू असतो. म्हणजे हा स्पायरॉर्बिड किडा. पाण्यातले कण गाळून खाणारा, कोरलच्या वाटेला न जाणारा. व्हर्मेटिडला असा पिसांचा तुरा नसतो.

मग सम्पची, म्हणजे पाणी गाळायच्या जोडटाकीची, काच पाहिली. अंधाऱ्या कोपऱ्यातली सेंटिमीटरभर पांढरट बोंडं मी इतके दिवस कसलीतरी अंडी समजत होते. लेन्समधून वरच्या टोकाला भोक दिसलं आणि त्याभोवती ताठ केसांची झालर. सायकॉन, म्हणजे अननस स्पंज! ते केस कॅल्शियम कार्बोनेटच्या सुयांचे असतात. हे स्पंज पंपाच्या जाळीत अडकले तर काढायचे, नाहीतर राहू द्यायचे.

लेन्सबद्दल तक्रार आहेच. अगदी जवळचंच स्पष्ट दिसतं आणि त्यातलं बरंचसं अंतर काचेची जाडीच खाते, त्यामुळे मधल्या खडकावरचं काही टिपता येत नाही. क्लिपचं रबर पातळ आहे. लेन्स जरा सरकली की फोटोच्या कडा धूसर. मोबाईलचं कव्हर दर वेळी काढावं लागतं. तरी टाकी सांभाळणाऱ्याने घ्यावीच, असं मी म्हणेन. बघताना पंप बंद ठेवा, निळा दिवा घालवून पांढरा लावा, नाहीतर तुऱ्याचा रंग कळत नाही. आणि मोबाईल काचेला अगदी समोरासमोर धरा. तिरका धरला की चित्र फाटतं.

बाजूच्या काचेचा तो पट्टा मी आता घासत नाही. काल मोजले, चौदा तुरे एकदम उघडे होते.