प्रोबेटसाठी वकील: ओळखीतला की फक्त हेच काम करणारा?
मावशीच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी, म्हणून ताईचं नाव निघालं आणि ती अडकली, घरचा ओळखीचा वकील घ्यावा का फक्त प्रोबेटचंच, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता मिळवण्याचंच, काम करणारा. ताई, आधी फीचं बघ, ओळखीचा तासावर घेत असेल तर त्याचा शिकण्यातला वेळही आपल्याच बिलात येतो, आणि प्रोबेटवाला टक्केवारी म्हणाला तर विचार, कर्ज वजा करून का घराच्या पूर्ण किमतीवर, फार फरक पडतो. कागदांचं म्हणशील तर मूळ मृत्युपत्राऐवजी झेरॉक्स जोडली की अर्ज अडकतो, अगदी स्टेपल काढल्याच्या खुणांवरूनही कधीकधी प्रश्न येतात, हे रोज करणाऱ्याला पाठ असतं. धीर मात्र ओळखीचाच देतो. एकच वारस, दोन-तीन खाती, वाद नाही, तर ओळखीचा पुरे. घर, कर्ज, रुसलेला भाऊ असेल तर प्रोबेटवालाच घे.