संभाजीनगरातला भाड्याचा ‘प्रायोगिक संच’: लाकूडकाम चोख, उजेड कमी

छत्रपती संभाजीनगरातलं नाटकाचं सामान भाड्याने देणारं एक दुकान सगळं एकत्र बांधून ‘प्रायोगिक संच’ या नावाने देतं. जालना, बीड, परभणीकडचे एकांकिकांचे आणि राज्य नाट्य स्पर्धेचे संघ तो उचलतात. संचात बारा लेव्हल (लाकडी चौथरे), चार पानांचे दोन उभे, घडीचे स्क्रीन, शिड्या-फळ्यांचा एक सांगाडा, काळे पडदे, मागे टांगायचा वीस फुटी मांजरपाट, आठ एलईडी पार (रंगीत उजेडाचे गोल दिवे), हजार वॅटचे चार हॅलोजन स्पॉट आणि सहा चॅनलचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) येतो. लाकडाचं काम फार चांगलं आहे. उजेडाचं सामान कमी पडतं, कारण प्रायोगिक नाटकाला सामान थोडंच लागतं हा आपल्याकडचा जुना समज संच बांधताना तसाच धरलेला दिसतो.

ज्यांच्याकडून प्रायोगिक नाटकाचा हा रिकामा मंच आला त्यांचं काम पाहिलं की तो समज टिकत नाही. स्विस मंचरचनाकार अडॉल्फ आपियाने रंगवलेले पडदे काढले, पायऱ्या आणि चौथरे ठेवले आणि उरलेलं सगळं उजेडावर सोपवलं. ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊला 1912 आणि 1913 मध्ये तालाच्या हालचाली शिकवणाऱ्या दालक्रोझबरोबर ग्लुकचा ‘ऑर्फियस’ हा ऑपेरा झाला, तेव्हा सभागृहाच्या भिंती आणि छत पांढऱ्या कापडाचं होतं आणि त्यामागे हजारो दिवे होते. ती व्यवस्था चित्रकार अलेक्झांडर फॉन झाल्झमानची. म्हणजे मंच जितका उघडा, तितकं दिव्यांचं काम वाढतं.

आपिया उजेडाचे दोन प्रकार करतो: सगळीकडे पसरून नुसतं दिसू देणारा आणि एका बाजूने येऊन सावलीसकट आकार देणारा. संचातल्या दिव्यांतून हे दोन्ही साधायचे तर चारही हॅलोजन समोर टांगू नका. दोन डाव्या आणि दोन उजव्या विंगेत, सात-आठ फुटांवर, तिरके खाली रोखून लावा. समोरून पडलेला उजेड चेहरा दाखवतो पण पायरीची कड आणि खांद्याची गोलाई पुसून टाकतो.

पसरलेला उजेड मांजरपाटामागून आणायचा. इथे संच अडतो. वीस फूट रुंदीत आठ पार म्हणजे दोन दिव्यांत अडीच फूट अंतर. दुकानातल्या पारची भिंग 25 अंशांची आहेत. कापडापासून चार फुटांवर त्यांचा ठिपका पावणेदोन फुटांचाच पडतो. पडद्यावर आठ गोळे उमटतात, मध्ये काळे पट्टे राहतात. 45 अंशांची भिंग असती तर ठिपका सव्वातीन फुटांचा होऊन कडा एकमेकींवर चढल्या असत्या. उपाय असा की पार उलटे फिरवून मागच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा दुसऱ्या कापडावर मारायचे आणि परतलेला उजेड पडद्यावर घ्यायचा. उजेड उतरतो, पण सपाट पसरतो. मागे तेवढी जागा नसेल तर पारवर ट्रेसिंग पेपर चालतो. हॅलोजनवर मात्र कधीच नाही, तो पेट घेतो. हॅलोजन आणि कापडात किमान तीन फूट सोडा.

अंधारातून हळूहळू उजाडणारी पहाट एलईडीवर बांधू नका. साध्या आठ-बिटच्या दिव्याला 256 पायऱ्या असतात. मिनिटभराच्या फेडमध्ये (उजेड हळूहळू चढवताना) सेकंदाला चारच पडतात आणि तळाच्या भागात उजेड अडखळत चढताना दिसतो. सावकाश फेड हॅलोजनवर ठेवा, स्थिर रंग एलईडीवर. पार मध्येच लुकलुकत असतील तर आधी वायर तपासा. घाईत डीएमएक्सच्या (दिव्यांना हुकूम नेणाऱ्या) वायरच्या जागी माइकची दिली जाते. शिवाय साखळीतल्या शेवटच्या दिव्यात 120 ओहमचा टर्मिनेटर (साखळीचं टोक बंद करणारा प्लग) हवा. तो संचात नाही, मागून घ्यावा लागतो.

विजेचं गणित दुकानदार सांगत नाही. चार हजार वॅट म्हणजे 230 व्होल्टवर सतरा अँपिअरहून अधिक. कॉलेजच्या हॉलमधल्या 15 अँपिअरच्या एका सॉकेटवर ते चालणार नाही, म्हणून डिमर हॉलच्या वायरमनकडून थेट मेनवर घ्यावा. व्होल्टेज मोजायचं ते दिवे पूर्ण लावून. बंद असताना आकडा नेहमीच चांगला दिसतो. तालुक्याच्या गावी भर उन्हाळ्यात ते 190 वर आलं, तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ निम्मा होतो आणि पिवळा पडतो. एलईडी तेवढाच जळत राहतो, त्यामुळे दोघांचा बसवलेला तोल मोडतो.

लेव्हलवर मात्र निर्धास्त राहा. चार बाय दोन फुटांच्या, वर 18 मिलिमीटरचा प्लाय, खाली आडवे-तिरके आधार, उंची 6, 12 आणि 18 इंच. जर्मन दिग्दर्शक लिओपोल्ड येसनरने 1919 मध्ये बर्लिनला ‘विल्हेल्म टेल’ पायऱ्यांवर उभं केलं. तिथे कोण किती वर उभा आहे यावरूनच सत्ता कळायची. तसं काही करायचं असेल तर प्रत्येक पायरीचा चढ सारखाच हवा. दुकानात 9 इंची लेव्हलचाही एक गठ्ठा आहे आणि गर्दीच्या दिवसांत तो यात मिसळून येतो. 6 आणि 12 च्या मध्ये 9 आला की पाय अंदाजाने पडतो आणि अंधारात नट कोसळतो. टेम्पोत चढवण्याआधी टेप लावून प्रत्येक लेव्हल मोजा. कडेला इंचभर पांढरी पट्टी नटांना पुरते, प्रेक्षकांना खुपत नाही.

स्क्रीनची कल्पना इंग्रज मंचरचनाकार गॉर्डन क्रेगची. 1912 च्या जानेवारीत मॉस्को आर्ट थिएटरमध्ये ‘हॅम्लेट’ झालं, त्यात उंच स्क्रीन हलवून जागा बदलायची होती. पहिल्या प्रयोगाआधी ते कोसळले असं त्या थिएटरच्या स्तानिस्लाव्स्कींनी लिहून ठेवलं आहे. क्रेगने ते मान्य केलं नाही. दुकानातले स्क्रीन दहा फूट उंच, पान अडीच फुटांचं, लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. हलके आहेत, दोन माणसं सहज फिरवतात. खोट बिजागऱ्यांत आहे. साध्या बिजागऱ्या एकाच बाजूला मिटतात, त्यामुळे पानं ठरल्या दिशेनेच वळतात आणि क्रेगला हवी तशी जागा घडत नाही. त्यासाठी दोन्हीकडे वळणारी बिजागरी हवी. आगाऊ सांगितलं तर दुकानदार बदलून देतो, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. चारही पानं एका रेषेत उभी करू नका. नागमोडी ठेवा आणि प्रत्येक घडीमागे वाळूची पिशवी टाका. उघड्या मंचावर संध्याकाळचा वारा सुटला की दहा फुटी कापड शिडासारखं भरतं, तिथे हे स्क्रीन नेऊच नयेत. वाहतुकीचंही पाहा: छोटा हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो. तीन फूट बाहेर लोंबणारा स्क्रीन जालन्यापर्यंत ठीक, परभणीपर्यंत चौकटीचे सांधे ढिले होतात.

सर्वांत देखणी वस्तू म्हणजे शिड्या-फळ्यांचा सांगाडा. चित्रकार ल्युबोव पोपोवाने रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डच्या 1922 च्या ‘द मॅग्नॅनिमस ककोल्ड’ (बायकोने फसवलेला दिलदार नवरा) या क्रोमलिंकच्या प्रहसनासाठी जे उभारलं, त्यात फळ्या, शिड्या, घसरण, फिरतं दार आणि फिरणारी चाकं होती. नट निळ्या कामगारी पोशाखात त्यावर कसरत करायचे. दुकानातल्या सांगाड्याला चाकं नाहीत, पण लाकूड न रंगवता ठेवलंय ही जाण मोठी आहे. बायोमेकॅनिक्सच्या (मेयरहोल्डने नटांसाठी घडवलेल्या शारीरिक कसरतीच्या) हालचालीत आधी उलट दिशेने मागे जाणं येतं, मग झेप, मग थांबा. त्या थांब्याला सांगाडा हलता कामा नये. साठ किलोचा नट उडी मारून उतरला की क्षणभर दोन-तीनपट भार पडतो. म्हणून एकाने वर उड्या माराव्यात आणि दुसऱ्याने सांध्यांना हात लावून पाहावं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि बोल्ट सैल पडतात. तालमीनंतर एकदा आणि प्रयोगाआधी एकदा पाना फिरवा. बोल्टच्या साध्या नटांऐवजी नायलॉनची कडी असलेले नट मागा.

काळे पडदे केसमेंटचे (साध्या सुती कापडाचे) आहेत. चमकत नाहीत, पण एकेरी लावले तर मागचा दिवा आरपार दिसतो. दुहेरी टांगा.

जर्मन नाटककार ब्रेख्तच्या वळणाचं करायचं असेल तर हा संच जवळपास पुरतो: दिवे उघडे दिसू द्यायचे, सगळा मंच एकसारखा उजळायचा. ब्रेख्तच्या पद्धतीचा अर्ध्या उंचीचा पडदा मात्र बाइंडिंग वायरवर मध्ये झोल खातो. ताण द्यायला टर्नबकल घ्या. आणि एलईडीतले लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा वापरू नका. चेहरे गुलाबी दिसतात, सावल्यांच्या कडांना रंग चढतो. पांढऱ्यासाठी हॅलोजनच.

भाडं दिवसावर आहे आणि दिवस सकाळी सुरू होऊन दुसऱ्या सकाळी संपतो. रंगीत तालीम आदल्या दिवशी असेल तर दोन दिवस लागतात. संत एकनाथ रंगमंदिरासारख्या मोठ्या मंचासाठी हा संच एकट्याने घेऊ नये. लहान हॉलसाठी घ्यावा, पण पूर्ण नाही: उजेडावर नाटक उभं असेल तर स्क्रीन आणि सांगाडा परत करून त्या बदल्यात 45 अंशांचे आणखी आठ पार मागा, शरीरावर उभं असेल तर सांगाडा, लेव्हल आणि चार हॅलोजन एवढंच न्या. दुकानदार अशी अदलाबदल करतो, फक्त स्पर्धेच्या गर्दीआधी, यादी लिहून दिली तर.