बिलात नवा मदरबोर्ड, पेटीत जुनाच

डेस्कटॉप तापून बंद पडतोय आणि दुरुस्तीवाला झाकण काढण्याआधीच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतोय, अशा वेळी मशीन हातातून सोडू नका. माझ्याकडून न बदललेल्या बोर्डाचे पैसे घेतले गेले.

व्हिडिओ रेंडरला (म्हणजे अंतिम फाइल बनवायला) लावला की पंखे घोंघावायला लागायचे, मशीन रेंगाळायचं आणि मग काही न सांगता बंद. थोडं गार झालं की पुन्हा सुरळीत. हे असं होणं म्हणजे प्रोसेसरने स्वतःला वाचवणं. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन प्रोसेसरांपैकी अनेकांची ९० किंवा ९५. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी वेग उतरवतो. तरीही पारा चढलाच तर मशीन बंद होतं. गार झाल्यावर धडपणे चालणाऱ्या मशीनचा बोर्ड जळाला असं मानण्याआधी कूलर, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट आणि धूळ यांच्यावर संशय घ्यायला हवा.

आमच्या तंत्रज्ञाने मात्र विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला. ‘कर्नल-पॉवर ४१’ अशा नोंदींची रांग दाखवत म्हणाला, ‘‘बघा, बोर्डाचा पॉवर सेक्शन उडालाय. आज ना उद्या प्रोसेसरही घेऊन जाईल.’’ त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. चालू मशीनचा प्लग उपटलात तरी तीच नोंद होते. पण स्क्रीनवर ‘क्रिटिकल’ दिसलं की समोरचा गप्प बसतो, हे या लोकांना चांगलं ठाऊक असतं.

मशीन दुकानात गेलं. परत आलं तेव्हा जुना बोर्ड मागितला, तर ‘‘तो कंपनीला जमा करावा लागतो.’’ बिलावर ‘बोर्ड रिप्लेसमेंट’ एवढंच. ना मॉडेल, ना सीरियल नंबर. काही दिवस बरं चाललं आणि मग तेच रडगाणं.

संशय आला तो विंडोजमुळे. मदरबोर्ड बदलला की विंडोजला ते वेगळं मशीन वाटतं आणि सहसा अॅक्टिव्हेशन पुन्हा करावं लागतं. इथे काहीच विचारलं गेलं नव्हतं. मग राउटर पाहिला: नेटवर्कची केबल लागते तो लॅन पोर्ट बोर्डावरच असतो, म्हणजे बोर्डासोबत त्याचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांकही बदलायला हवा. तोही जुनाच. कहर म्हणजे बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच असलेल्या प्रोग्रामला) मी घातलेला पासवर्ड, जो याच माणसाने माझ्याकडून मागून घेतला होता, ‘नव्या’ बोर्डातही जसाच्या तसा! शेवटी बोर्डाच्या मूळ खोक्यावरचा सीरियल नंबर आणि बोर्डावरचं स्टिकर शेजारी धरलं. अक्षर न् अक्षर जुळलं.

खरा बिघाड दुसऱ्या एका जाणकाराने झाकण काढताच दाखवला. कूलर चार पुश-पिनांवर बसतो. त्यातली एक सुटून हीटसिंक, म्हणजे कूलरचा उष्णता शोषणारा धातूचा भाग, तिरका झाला होता, खालची थर्मल पेस्ट वाळून कडक. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, पिना दाबून बसवल्या. आता रेंडर चालू असतानाही तापमान सत्तरीच्या पुढे जात नाही.

हे घरबसल्याही ताडता येतं. ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ हा तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडून मशीनला जड काम द्या. काम सुरू होताच आकडा उडी मारून थेट नव्वदीत गेला, तर बहुधा कूलर नीट टेकलेला नाही. मिनिटामिनिटाने हळूहळू चढत राहिला, तर धूळ किंवा कोंडलेली हवा.

मशीन देण्याआधी बोर्ड, रॅम आणि एसएसडीच्या स्टिकरांचे फोटो काढा; रॅमची अदलाबदल तर बोर्डापेक्षा सोपी. नव्या भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि जुना भाग परत मिळेल हे आधीच ठरवा, पैसे दिल्यावर नाही.

दुकानदाराला फोटो दाखवले तर म्हणतो, ‘‘एकाच मॉडेलच्या सगळ्या बोर्डांचा नंबर सारखाच असतो.’’ मॉडेल नंबर सारखा असतो, सीरियल नाही. ग्राहक तक्रारीची भाषा काढल्यावर पैसे परत आले, ‘सर्व्हिस चार्ज’ वजा करून. विचारलं कसला, तर धूळ उडवल्याचा.