घावनासाठी तवा कोणता? नॉनस्टिक सोडायचं मनात असेल तर

धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, घावनाच्या नॉनस्टिकला मधोमध पांढरं पडलंय. तसलाच नवा आणू की बिडाचा घेऊ? बिडाला चिकटतं म्हणतात."

दोन वाक्यांत सांगून मोकळी होईन असं वाटलं होतं, पण अर्धा तास झाला तरी मी बोलतच होते. तिच्याकडे रविवारी घावन, मुलांच्या डब्याला थालीपीठ आणि मधूनच आंबोळी. या तिघांचं तव्याशी वागणं वेगवेगळं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी घरातले दोन आणि शेजारून मागून आणलेले दोन असे चार तवे काढले, एकच पीठ कालवलं आणि ओळीने घावनं घातली. खाली जे आहे ते त्या दिवसाचं, आणि इतक्या वर्षांच्या चिकटलेल्या-सुटलेल्या घावनांचं.

आधी भीती नेमकी कशाची, ते बघू. नॉनस्टिकचा लेप म्हणजे पीटीएफई, बाजारातलं नाव टेफ्लॉन. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना तो दुसरंच काही करताना अपघाताने सापडला. हा पदार्थ इतका निर्विकार आहे की त्याचा कपचा चुकून पोटात गेलाच, तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. त्यामुळे "लेपाचा तुकडा खाल्ला, आता काय होणार" ही भीती मला तरी फारशी पटत नाही. खरी भानगड दोन ठिकाणी आहे.

पहिली कारखान्यात. हा लेप बनवताना पूर्वी पीएफओए नावाचं रसायन वापरत. ते निसर्गात जवळपास विरत नाही, माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते २०१५पर्यंत बंद करायचं कबूल केलं, २०१९ला निसर्गात न विरणाऱ्या घातक रसायनांवर बंदी आणणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ते गेलं आणि २०२३ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलं. आज तव्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत "पीएफओए-मुक्त" लिहिलेलं असतं ते यामुळे. पण त्याचा अर्थ "टेफ्लॉन नाही" असा होत नाही. लेप तोच, बनवण्याची रीत बदलली, एवढंच.

हे सगळं लांब अमेरिकेत आहे असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगते. याच कुळातली रसायनं बनवणारा इटलीतला, व्हिचेंझाजवळचा एक कारखाना २०१८मध्ये बुडाला. तिथल्या भूजलाची त्याने वाट लावली होती आणि २०२५मध्ये त्याच्या माजी अधिकाऱ्यांना तिथल्या न्यायालयाने शिक्षाही सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. तिथे तव्याचे लेप बनतात असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलखात घावन जन्माला आलं तिथवर हे कूळ पोचलंय, हे ठाऊक असलेलं बरं.

दुसरी भानगड आपल्या गॅसवर. हा लेप साधारण २६० अंशांपर्यंत ठीक असतो. त्यापुढे बिघडायला लागतो आणि ३५०च्या वर त्याचं विघटन होऊन धूर निघतो. त्या धुराने माणसाला थंडीताप आल्यासारखं होतं, आणि पिंजऱ्यातले पक्षी तर मरतात. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर पुढचं वाचायची गरजच नाही, नॉनस्टिक काढून टाका. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून आपण फोन घ्यायला गेलो, की काही मिनिटांत २६० अंश पार होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार-मार्गदर्शनात तर नॉनस्टिक १७० अंशांच्या वर नेऊ नका, असंच सांगितलंय.

आता घावन आठवा. ताकासारखं पातळ पीठ, कडकडीत तवा, वाटीने कडेकडेने ओतायचं, चर्र आवाज आला पाहिजे आणि बघता बघता जाळी पडली पाहिजे. तव्यावर शिंपडलेला पाण्याचा थेंब नुसता फसफसून न जाता मोत्यासारखा पळायला लागला, की तवा दोनशे अंशांच्या आसपास आलेला असतो. घावनाला हाच ताव लागतो. पोषण संस्थेने नॉनस्टिकला घालून दिलेल्या १७० अंशांच्या पुढचा तो नेमका हाच. मंद आचेवर घातलं तर चिकटत नाही, हे खरं, पण जे होतं ते घावन नव्हे, तांदळाची ओलसर पोळी होते. त्या दिवशी नॉनस्टिकवरचं घावन सगळ्यात सुबक दिसत होतं, आणि ताटात सगळ्यात शेवटपर्यंत तेच उरलं. म्हणून आरोग्याचं बाजूला ठेवलं तरी या एका कामाला मी नॉनस्टिक सुचवणार नाही.

बीड

बीड म्हणजे ओतीव लोखंड. जाड, जड, तापायला वेळ लावणारं आणि एकदा तापलं की उष्णता धरून बसणारं. त्याचं सगळं गुपित या धरून बसण्यात आहे. थंड पीठ ओतलं की पातळ तव्याचा ताव एकदम उतरतो, बिडाचा उतरत नाही. म्हणून जाळी पडते. त्या दिवशी बिडावरचं पहिलं घावन फाटलं (पहिलं कायम तव्याचंच असतं), दुसरं कडेला चिकटलं आणि तिसऱ्यापासून उलथणं लावायच्या आधीच कडा सुटून वर आल्या. रंगही एकसारखा नाही, मध्ये बदामी, कडेला पांढरा. मला तसाच आवडतो.

चिकटतं ते बीड नव्हे, न मुरलेलं बीड चिकटतं. नवा तवा आणला की गरम पाण्याने घासायचा, लगेच कोरडा करायचा, गॅसवर तापवून तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि धूर येईपर्यंत ठेवायचा. गार झाला की पुन्हा. असं तीन-चार वेळा. तापलेल्या लोखंडावर तेलाचं रूपांतर एका कडक पापुद्र्यात होतं, आणि आपला नॉनस्टिक तोच. तेल जास्त झालं तर पापुद्रा न बनता चिकट राळ बनते. बहुतेकांचं इथेच बिघडतं. नंतर पंधरा दिवस त्यावर नुसते कांदे परतावेत, नाहीतर तेल सोडून जाडसर धिरडी घालावीत. घावन लगेच घालायला गेलात तर मला शिव्या द्याल.

तेल लावायला अर्धा कांदा काट्याला टोचून घ्यायचा. माझ्या सासूबाई नारळाची शेंडी वापरत, आणि ती कांद्यापेक्षा बरी, कारण कांदा तव्यावर पाणी सोडतो.

एक नियम मात्र कडक पाळायचा. घावनाच्या तव्यावर पोळ्या-भाकऱ्या भाजायच्या नाहीत. कोरडं पीठ जळून बसतं, बिनतेलाच्या आचेने पापुद्रा उडतो, आणि पुढच्या रविवारी तवा अनोळखी झालेला असतो. आमच्याकडे एकदा पाहुण्यांच्या गडबडीत कोणीतरी त्यावर पंचवीस पोळ्या केल्या. मी काही बोलले नाही, पण तवा परत रुळायला महिना गेला.

आंबोळीचं पीठ आंबट असतं. नव्या बिडावर पहिल्या काही आंबोळ्या करड्या पडतात आणि लोखंडाचा वास येतो. त्यात अपाय काही नाही, आंबट पिठात थोडं लोखंड उतरतं इतकंच. रक्त कमी असणाऱ्यांना ते उलट चालेल, पण दोन मिनिटांच्या घावनातून हिमोग्लोबिन वाढेल अशा भ्रमात राहू नका. ज्यांना डॉक्टरांनी लोह टाळायला सांगितलंय, थॅलेसेमियाचे रुग्ण वगैरे, त्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं.

विकत घेताना पृष्ठभागावरून तळहात फिरवा. खरखरीत बिडावर घावन अडकतं, गुळगुळीत घासलेला घ्या. आणि पडला तर तुटतो, तापलेल्यावर थंड पाणी ओतलं तर तडकतो. हा बिडाचा स्वभाव कोणी सांगत नाही.

पत्र्याचा लोखंडी तवा

आपला साधा पोळ्यांचा तवा याच जातीचा. घावनासाठी मात्र वेगळा, जाड पत्र्याचा आणि थोडा खोलगट घ्यायचा. मुरवायची रीत बिडाचीच. तो बिडापेक्षा हलका, स्वस्त, पडला तरी तुटत नाही आणि ताव पटकन कमी-जास्त करता येतो. उणीव एकच. ज्वाळेच्या वर जास्त तापतो, कडेला कमी, म्हणून घावन फिरवून घ्यावं लागतं. जाळी बिडाइतकी एकसारखी आली नाही, पण चवीत मला फरक करता आला नाही. नवऱ्याने डोळे मिटून खाल्लं तेव्हा त्यालाही आला नाही.

थालीपिठासाठी तर मी यालाच पहिला नंबर देते. थालीपीठ गार तव्यावर थापायचं, मध्ये भोक पाडून तेल सोडायचं, मग गॅस लावायचा. दुसऱ्या थालीपिठाला तवा गार करावा लागतो. पत्र्याचा तवा नळाखाली धरला की झालं. बीड गार व्हायची वाट बघत बसलात तर पोरं शाळेला उशिरा पोचतील. बिडावर करायचंच असेल तर ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापून वरून उलटं टाका.

स्टील आणि बाकीचे

त्या दिवशीचा चौथा तवा तीन थरांच्या स्टीलचा होता. चांगली महागाची वस्तू, भाजीला उत्तम. घावन चिकटलं. पाण्याचा थेंब पळेपर्यंत तापवून, तेल सोडून पुन्हा घातलं, तेव्हा थोडं निघालं, थोडं खरवडावं लागलं. सुरक्षित आहे, गंजत नाही, आंबट पिठाची भीती नाही, पण पातळ पिठासाठी हा हट्ट करू नये. बेसनाचं जाड धिरडं भरपूर तेलावर छान होतं.

हार्ड अॅनोडाइज्ड म्हणजे विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभाग कडक केलेलं अॅल्युमिनियम. हलकं आणि आचेला सगळीकडून सारखं. मनगट दुखणाऱ्यांना हा पर्याय बरा. घेताना दोन गोष्टी विचारा. वर नॉनस्टिकचा लेप दिलाय का? बऱ्याचदा दिलेला असतो, आणि मग आपण फिरून तिथेच आलो. दुसरं, इंडक्शनवर चालतो का? खाली लोखंडी तळ नसेल तर चालत नाही.

सिरॅमिकचा लेप खरोखर टेफ्लॉनमुक्त असतो, वाळूतल्या सिलिकापासून बनवतात. नवा असताना लोण्यासारखा. पण जास्त आचेने हा गुण लवकर जातो, आणि घावनाची आच काय असते ते वर सांगितलंच. वर्ष-दीड वर्षाने नवा घ्यायची तयारी असेल तर घ्या. "ग्रॅनाइट", "मार्बल", "स्टोन" या नावांना मात्र भुलू नका. मी भुलले होते. खडीसारखे ठिपके असलेला तवा मोठ्या कौतुकाने आणला आणि घरी येऊन खोक्याच्या तळाची बारीक अक्षरं वाचली, तर आत पीटीएफईच. ठिपके नुसते नक्षीचे.

मातीचं खापर सगळ्यात निर्धोक, पोषण संस्थाही मातीच्या भांड्यांना पहिला मान देते. खापरोळी तर त्याच्या नावानेच आहे: जाडसर, मऊ, नारळाच्या गोड रसात बुडवायची. पण खापर मंद आचेचं. घावनाचा ताव त्यावर आणायला गेलं की तडा जातो.

इंडक्शनवाल्यांसाठी एवढंच: बीड आणि पत्रा दोन्ही चालतात, पण शेगडीचं वेटोळं लहान आणि तवा मोठा असेल तर मध्ये करपतं, कडेला कच्चं राहतं. मंद ठेवून पाच-सात मिनिटं तापू द्यावं, आणि बीड काचेवरून सरकवू नये, उचलावं.

आणि ज्यांना आजच नवा घ्यायचा नाही, त्यांनी जुना फेकायची घाई करू नये. मध्यम आच, लाकडी उलथणं, रिकामा तापवायचा नाही, पंखा चालू. तेलाचा धूर दिसला तर आपण मर्यादेच्या फार जवळ आलोय. लेप उडायला लागला की मात्र काढून टाका.

जावेला शेवटी मी दहा इंची बीड सांगितलं. बाराचं छान दिसतं, पण घरच्या गॅसला त्याच्या कडा तापत नाहीत. दांड्याचं घे, दोन कानांचं नको, कारण घावन ओतताना तवा तिरपा करावा लागतो आणि दोन्ही हात फडक्यात अडकले तर वाटी कोण धरणार? तिने विचारलं, जड नाही ना होणार? दुकानात एका हाताने उचल म्हटलं, अर्धा मिनिट तसाच धर. मनगट थरथरलं तर गुपचूप खाली ठेव आणि पत्र्याचा घेऊन ये.